नकाशावरचं शून्य



बांधकामात भूकंपाच्या धोक्याचा एक नकाशा वापरतात. आपल्या देशात भूकंपरोधक बांधकामाच्या मानकाबरोबर असा पहिला नकाशा 1962 साली आला. त्यात भारताचे सात पट्टे पाडले होते, शून्यापासून सहापर्यंत. सहा म्हणजे सर्वांत जास्त धोका. शून्य म्हणजे धोका नाही. आज मला बोलायचं आहे ते या शून्याबद्दल, कारण आपल्याला जे ठाऊक नाही त्याच्याशी कसं वागावं, हे मी त्याच्याकडून शिकलो.

दख्खनचं पठार म्हणजे स्थिर, निर्धास्त जमीन, असा त्या काळी सर्वमान्य समज होता. तो समज वेडगळ मुळीच नव्हता. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून आपला काळा पाषाण तयार झाला. त्याच्याखाली त्याहून कितीतरी जुना ग्रॅनाइट आहे. भूपट्ट एकमेकांना भिडतात ती जागा दूर, हिमालयात. शिवाय पठाराच्या महाराष्ट्रातल्या भागात मोठ्या भूकंपाची ठळक नोंद नव्हती. अभ्यासू माणसांनी हातातल्या माहितीवरून काढलेला तो निष्कर्ष होता. अडचण एवढीच, की आपल्या नोंदी काही शतकांच्या, आणि अशा जुन्या भूभागातल्या भेगा हलतात त्या हजारो वर्षांतून एखाद्या वेळी. नोंद नाही, एवढंच खरं तर माहीत होतं. नकाशावर मात्र ते धोका नाही असं उतरलं.

11 डिसेंबर 1967. पहाटेचे सव्वाचार वाजून गेले होते. कोयनानगर झोपेत असताना 6.3 तीव्रतेचा धक्का बसला. वसाहतीतली घरं कोसळली, दोनशेच्या आसपास माणसं गेली. 103 मीटर उंचीचं कोयना धरण उभं राहिलं, पण त्याच्या अंगावर तडे गेले आणि पुढे त्याला मजबुती द्यावी लागली. जलाशयात पाणी साठवायला लागल्यापासूनच परिसरात लहान धक्के जाणवत होते. एवढा मोठा धक्का तिथे बसेल, हे गृहीत धरलेलं नव्हतं.

यानंतर घडलेली गोष्ट मला फार मोलाची वाटते. 1970 साली नकाशा नव्यानं काढला, तेव्हा शून्य पट्टा काढूनच टाकला. भारतातल्या कुठल्याही जागी भूकंपाची शक्यता शून्य आहे असं म्हणायला शास्त्रीय आधार नाही, हे त्यामागचं कारण. एका राष्ट्रीय मानकानं आपल्या ज्ञानाची हद्द अशी जाहीरपणे आखून घेतली. विद्वत्तेचा मान राखणं म्हणतात ते हेच, असं माझं मत आहे.

पण शून्य गेलं तरी सर्वांत खालचा म्हणून पट्टा एक उरला होता, आणि ऐकणाऱ्याच्या मनात एकचा अर्थ शून्यच राहिला. किल्लारी हे गाव या पट्टा एकमध्ये होतं.

ऑक्टोबर 1992 मध्ये किल्लारीच्या परिसरात धक्के बसले. जमिनीतून आवाज येतात, असं लोक सांगत होते. काही दिवस भीतीत गेले, मग धक्के ओसरले. पुढच्या वर्षी, 30 सप्टेंबर 1993 ला, गणपतीचं विसर्जन आटोपून लोक झोपले होते. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. सरकारी नोंदीनुसार 7,928 माणसं दगावली.

तिथली जुनी घरं ज्यांनी पाहिली असतील त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. दोन-अडीच फूट जाडीची भिंत. बाहेरून दगडाचा एक थर, आतून दुसरा, मधे खडी आणि माती. दोन्ही थरांना आरपार बांधून ठेवणारा लांब दगड क्वचितच. वर माळवद, म्हणजे लाकडावर अंथरलेला मातीचा जाड थर. उन्हाळ्यात ते घर थंड राहतं, आणि उघड्यावरच्या उन्हात राबून आलेल्या माणसाला त्याची किंमत कळते. भूकंपात मात्र या भिंतीचे दोन थर एकमेकांपासून सुटतात, फुगतात आणि आत-बाहेर ढासळतात. त्याच गावांमध्ये काही घरांत माळवदाचा भार लाकडी खांबांवर होता. खणांची घरं म्हणतात ती. तिथे कितीतरी ठिकाणी भिंती पडल्या, पण खांब आणि माळवद उभं राहिलं. नकाशावर लिहिलेलं नव्हतं ते कुणा जुन्या सुताराच्या हाताला साधलं होतं. तोही भूकंपाचा विचार करून खांब रोवत नसेल कदाचित. तरी त्याच्या कामाकडे आधी कुणी नीट पाहिलं असतं, तर शिकण्यासारखं पुष्कळ होतं.

2002 साली नकाशा पुन्हा बदलला. पट्टा एक रद्द झाला आणि किल्लारीचा परिसर पट्टा तीनमध्ये आला.

मग शास्त्रज्ञांना काहीच कळत नाही का? असं म्हणणाऱ्यांशी मी मुळीच सहमत नाही. कोयनेचंच पाहा. धरणाच्या पाण्यामुळे भूकंप होतात का, हा वाद 1967 पासून चालला आहे. पाणी भूकंप निर्माण करत नाही, पण आधीच ताणलेल्या भेगेला ते चाळवू शकतं, हे आता बहुतेक अभ्यासक मान्य करतात. कोयना परिसरातले भूकंप साधारण 20 बाय 30 किलोमीटरच्या टापूतच होत आले आहेत, हेही कळलं आहे. पण सहा-सात किलोमीटर खोल नेमकं काय घडतं, ते वर बसून कळेना. तेव्हा कराडला संशोधन केंद्र उभारलं गेलं आणि गोठण्याला 3 किलोमीटर खोल छिद्र घेतलं गेलं. 2017 साली ते पूर्ण झालं. तिथे काळ्या पाषाणाची जाडी 1,247 मीटर निघाली आणि त्याखाली थेट ग्रॅनाइटच लागला. मधे गाळाचा खडक असेल अशी काहींची अटकळ होती, तो सापडला नाही. वाद घालत बसण्यापेक्षा खडक फोडून पाहायचा, आणि आपली अटकळ चुकली तर ती सोडायची. या शिस्तीवर माझा पूर्ण विश्वास आहे.

आता दुसरी बाजू. नोव्हेंबर 2018 पासून पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरीकडे धक्क्यांची मालिका सुरू झाली. लोक थंडीत घराबाहेर झोपले. अशा वेळी अमुक तारखेला मोठा भूकंप होणार, असं छातीठोकपणे सांगणारे हमखास उगवतात, आणि भेदरलेल्या माणसाला तेच धीराचे वाटतात. जगातली कुठलीही संस्था आज भूकंपाची तारीख, जागा आणि तीव्रता आधी सांगू शकत नाही. ज्यानं आयुष्य त्या अभ्यासात घातलं, तो तारीख विचारली की नाही म्हणतो. त्याच्या या नाहीला आपण कमी लेखतो, हे मला फार खटकतं. तारीख सांगता येत नाही हे एकदा मान्य केलं, की कुठल्याही रात्री धक्का बसू शकतो असं धरून घर बांधायचं, एवढाच शहाणपणाचा मार्ग उरतो. तो मार्ग आपल्याला येतो. किल्लारीनंतर हजारो घरं त्या पद्धतीनं बांधली आणि दुरुस्त केली गेली.

म्हणून श्रोतेहो, आपलं गाव कुठल्या पट्ट्यात येतं ते जरूर विचारा. उत्तर सर्वांत खालच्या पट्ट्याचं आलं तरी निर्धास्त होऊ नका. घर बांधत असाल तर दारं-खिडक्यांच्या वरून सगळ्या भिंतींना जोडणारा काँक्रीटचा सलग पट्टा घ्यायला गवंड्याला सांगा. दगडी भिंत असेल तर ठरावीक अंतरावर आरपार दगड बसवून घ्या. खर्च थोडा वाढेल, पण तो करा.