धर्माचे माप आणि शासनाचा गज
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी समारंभातील व्याख्यान, देवगाव फाटा, ता. सेलू)

 

सुवर्णमहोत्सवात गौरवाचे शब्द बोलले जातात आणि ते बोललेही पाहिजेत. परंतु धर्म आणि शासन यांच्या संबंधाचा विषय अशा प्रसंगी निघाला तर तो अप्रस्तुत ठरू नये. नोंदणीकृत ट्रस्टचे सारे आयुष्य या दोहोंच्या मधल्या वाटेवरूनच जात असते.

या वाटेची आखणी ज्या निकालाने केली, तो एका जैन मंदिराच्या वहिवाटदाराने मिळविलेला आहे, हे समाजात फार थोड्यांना ठाऊक असेल. मुंबई राज्याने १९५० साली सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम केला. देवद्रव्याचे हिशेब चोख राहावेत हा त्याचा हेतू होता आणि तो वाईट म्हणता येणार नाही. परंतु त्याच कायद्यात अशी तरतूद होती की न्यायालयाने ठरविल्यास स्वतः धर्मादाय आयुक्तच एखाद्या धर्मसंस्थेचे विश्वस्त होऊ शकतील. देवकार्यासाठी दिलेला पैसा अन्य कार्याकडे वळविण्याचीही वाट त्यात ठेवलेली होती. पंचमहाल जिल्ह्यातील वेजलपूर येथील श्वेतांबर मंदिराचे वहिवाटदार रतिलाल पानाचंद गांधी यांनी याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत दाद मागितली. मुंबईच्या पारशी पंचायतीचे विश्वस्तही याच लढ्यात होते. १८ मार्च १९५४ रोजी निकाल लागला. नोंदणी, हिशेब आणि तपासणी योग्य ठरली. संस्थांकडून घ्यावयाची वर्गणी हा कर नसून सेवेचे शुल्क आहे, असेही न्यायालयाने मानले. मात्र धर्मसंस्थेच्या गादीवर सरकारी अधिकारी बसविणे आणि देवाचा पैसा त्या धर्माच्या नियमाविरुद्ध दुसरीकडे वळविणे, हे घटनाबाह्य ठरले.

त्या वेळी मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. मुंबई राज्यात तो आला १९५६ साली. तरीही त्या निकालाची सावली येथील प्रत्येक मंदिरावर आणि स्थानकावर आहे. शासनाने वही पाहावी, पूजेत हात घालू नये, इतका साधा तो न्याय आहे. वही पाहू देण्यास कुरकूर करणाऱ्या विश्वस्तांनी निकालाचा हा पहिला अर्धा भागही ध्यानात ठेवावा.

हे सारे सांगण्याचे कारण २०१५ सालचे दोन महिने आहेत. त्या वर्षी १० ऑगस्टला राजस्थान उच्च न्यायालयाने संथारा म्हणजे आत्महत्या होय, असे ठरविले. ज्या व्रताला समाज जीवनाचा शिखरकलश मानतो, ते घेणारा गुन्हेगार आणि त्याची सेवा करणारे त्याचे साथीदार! २४ ऑगस्टला देशभर जैन स्त्री-पुरुष दुकाने बंद ठेवून मूकमोर्चात चालले. शासनाने आणि न्यायालयाने श्रद्धेच्या गाभाऱ्यात येऊ नये, एवढीच मागणी होती. ३१ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली आणि घरोघरी समाधान झाले. ते समाधान रास्त होते.

त्यानंतर पुरते दोन आठवडेही झाले नव्हते. पर्युषण आले. मीरा-भाईंदर महानगरपालिकेने पर्युषणाचे आठ दिवस मांसविक्री बंद ठेवण्याचे ठरविले होते, मुंबई महापालिकेने चार दिवस. गुन्हेगार ठरण्याच्या भीतीने ऑगस्टात रस्त्यावर आलेल्या समाजातील काही पुढाऱ्यांना सप्टेंबरात दुसऱ्याच्या दुकानाला सरकारी कुलूप लागल्याचा आनंद झाला. मटण विक्रेते उच्च न्यायालयात गेले. १४ सप्टेंबरला न्यायालयाने १७ तारखेच्या विक्रीबंदीला मुंबईपुरती स्थगिती दिली. कत्तलखाना बंद ठेवण्याच्या आदेशात मात्र हात घातला नाही.

कापडाच्या पेढीवर घेताना एक गज आणि देताना दुसरा गज ठेवणाऱ्याला बाजार काय म्हणतो, हे येथे बसलेल्या व्यापाऱ्यांना सांगावयास नको. शास्त्रकारांनी अचौर्यव्रताच्या पाच अतिचारांत खोट्या मापाला ‘हीनाधिक मानोन्मान’ असे नावच दिले आहे. हा अतिचार केवळ पेढीवरच घडतो, असे समजण्याचे कारण नाही.

यावर विचारी माणसेही एक आक्षेप घेतात आणि तो टाळण्याजोगा नाही. जगद्गुरू हीरविजयसूरींच्या विनंतीवरून अकबराने पर्युषणात हिंसाबंदीची फर्माने काढली. त्याच्याही आधी, बाराव्या शतकात, आचार्य हेमचंद्रांच्या उपदेशाने गुजरातच्या कुमारपाल राजाने अमारी घोषणा केली. मग आज महापालिकेकडे तेच मागितले तर चुकले कोठे? २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादचे कत्तलखाने पर्युषणात नऊ दिवस बंद ठेवणे वैध ठरविले, तेव्हा अकबराचे उदाहरण निकालपत्रातही आले. म्हणजे कायदा या मागणीला सर्वथा प्रतिकूल आहे, असे म्हणता येणार नाही.

परंतु सूरीजींनी काय केले, हे नीट पाहिले पाहिजे. ते गुजरातेतून फत्तेपूर सिक्रीपर्यंत पायी गेले. त्यांच्या हाती ना मते होती, ना देणगीची थैली. त्यांचे त्यागमय जीवन पाहून बादशहाचे मन पालटले आणि पुढे त्याने स्वतःही मांसाहार पुष्कळ कमी केला. तेथे आधी हृदय बदलले, मग फर्मान निघाले. आज निवेदन दिले जाते, छायाचित्र काढले जाते, आदेश निघतो. हृदय कोणाचेच बदलत नाही. शिवाय तेव्हा बादशहाची इच्छा हाच कायदा होता. आज खाटीकही तितकाच नागरिक आहे जितका नगरसेठ, आणि आठ दिवसांच्या बंदीत ज्याची रोजी बुडते त्याच्या घरी चूल कशी पेटते, याची चौकशी करण्यास निवेदनकर्ते फिरकत नाहीत. जुन्या महाजनांचा रिवाज याहून बरा होता. ते खाटकाकडे स्वतः जात, दिवसाच्या मिळकतीची भरपाई देत आणि पाखी पाळण्याची विनंती करीत.

दुसऱ्या बाजूचा अहंकारही त्या सप्टेंबरात दिसला. राजकीय पक्षांनी मुद्दाम रस्त्यावर मांसविक्रीचे ठेले मांडले आणि एका अल्पसंख्य समाजाला दरडावण्याची भाषा वापरली. ते निंद्यच होते. मात्र त्या ठेल्याचे निमित्त कोणी पुरविले, हेही पाहावे लागते.

आणि शासनाला एकदा ही सवय लागली की ती थांबत नाही. २०२५ च्या स्वातंत्र्यदिनी कल्याण-डोंबिवलीत मांसविक्री बंद ठेवण्याचा आदेश निघाला. १९८८ सालच्या जुन्या ठरावाचा आधार त्यासाठी दाखविला गेला. त्यात पर्युषणाचा संबंध नव्हता, कोणा संघाचे निवेदनही नव्हते. नागरिकाने स्वातंत्र्याच्या दिवशी काय खावे, हे एक कार्यालय ठरवू लागले. त्याच महिन्यात दादरच्या कबुतरखान्यावरून समाजातील काही जणांनी ताडपत्री ओढून काढली आणि एका मुनींच्या मुखी शस्त्र उचलण्याची भाषा आली. कबुतराला दाणा घालणे ही जीवदयाच. श्वासाचे विकार असलेला शेजारीही जीवच. शस्त्राचे नाव येताच तो प्रश्न जीवदयेचा उरला नाही.

चार कषायांत क्रोधानंतर लगेच मान येतो. आठ मदांत कुळाचा आणि बळाचा मद आहे, तसाच तपाचाही मद सांगितला आहे. उपवास करणारा जेव्हा न करणाऱ्याकडे तुच्छतेने पाहतो, तेव्हा उपवास शरीराचा होतो आणि पारणे अहंकाराचे. व्रत हे स्वतः घ्यावयाचे असते. मुलगासुद्धा बापाच्या नावे अठ्ठाई करू शकत नाही. मग महापालिकेच्या आयुक्तांनी शहराच्या नावे ती कशी करावी?

देवगाव फाटा हे चार वाटांचे ठिकाण. येथील आठवडी बाजारात खाटीक, विणकर, शेतकरी आणि सावकार एकमेकांचे गिऱ्हाईक आहेत. लग्नसराईत खाटकाच्या घरची साडी जैनाच्या दुकानातून जाते आणि उधारी दिवाळीपर्यंत चालते. म्हणून विश्वस्त मंडळापुढे एक सूचना आहे. येत्या पर्युषणापूर्वी ट्रस्टच्या शिक्क्याचे निवेदन कोणत्याही कार्यालयात जाऊ नये. त्याऐवजी दोन विश्वस्तांनी संवत्सरीच्या आदल्या दिवशी खाटीक बंधूंच्या घरी जावे, एक दिवसाची मिळकत सन्मानाने पुढे ठेवावी आणि विनंती करावी. त्यांनी मानली तर आभार मानावेत, नाकारली तर हात जोडून परतावे. आणि संवत्सरीच्या प्रतिक्रमणानंतर मिच्छामि दुक्कडम् म्हणावयास जी मंडळी घरोघरी फिरतात, त्यांनी ते एक घर वगळू नये.