अपराधाची झळ सोसणाऱ्यांचे हक्क



फौजदारी खटल्याचे नाव ‘महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक’ असे असते. अपराध एका व्यक्तीविरुद्ध घडला तरी तो साऱ्या समाजाविरुद्ध मानला जातो, म्हणून शासन स्वतः फिर्याद चालविते. तत्त्व उदात्त आहे. मात्र त्याचा परिणाम असा झाला की, ज्याचे डोके फुटले किंवा जिचा मुलगा गेला ती व्यक्ती खटल्यात केवळ साक्षीदार म्हणून उरली. आरोपीला वकील मिळतो आणि तो मिळालाच पाहिजे. फिर्यादीला पुढची तारीखदेखील पुष्कळदा विचारत हिंडावे लागते. ऊसतोडणीच्या किंवा कांदाकाढणीच्या दिवसांत अशी एक तारीख म्हणजे एक बुडालेला रोज होय.

याचे प्रत्यंतर पाहण्यास जिल्ह्याबाहेर जाण्याचे कारण नाही. नोव्हेंबर 2017 मध्ये तेव्हाच्या अहमदनगरच्या न्यायालयात पाच दिवसांच्या अंतराने दोन निकाल लागले. कर्जत तालुक्यातील कोपर्डी येथे 13 जुलै 2016 रोजी एका अल्पवयीन मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला होता. त्या प्रकरणी 18 नोव्हेंबर रोजी तिन्ही आरोपी दोषी ठरले. जामखेड तालुक्यातील खर्डा येथे 28 एप्रिल 2014 रोजी सतरा वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याचा खून झाला होता. त्या खटल्यात अनेक साक्षीदार फितूर झाले आणि 23 नोव्हेंबर रोजी आरोपी निर्दोष सुटले. साक्षीदार का फिरतात, हे गावात राहणाऱ्यास समजावून सांगावे लागत नाही. ज्याच्या बांधाला बांध लागून आहे, ज्याच्या दारावरून रोज जावयाचे आहे, त्याच्याविरुद्ध पिंजऱ्यात उभे राहणे सोपे नसते. मुलगा गमावलेल्या आईबापांच्या हाती मात्र निकालाच्या प्रतीखेरीज काही उरत नाही.

साक्षीदार संरक्षणाच्या देशव्यापी योजनेला सर्वोच्च न्यायालयाने 5 डिसेंबर 2018 रोजी मान्यता दिली, म्हणजे खर्ड्याच्या निकालानंतर वर्षभराने. धमकी आलेल्या साक्षीदारास आता जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे अर्ज करता येतो. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचारांच्या खटल्यांत पीडितांचे व साक्षीदारांचे संरक्षण करणे हे 26 जानेवारी 2016 पासून शासनाचे स्पष्ट कर्तव्य ठरले आहे. तरतूद आणि तिचा अंमल यांत अंतर राहते, ही गोष्ट येथे लपविण्याचे कारण नाही.

2009 च्या अखेरीस अमलात आलेल्या दुरुस्तीने ‘पीडित’ या शब्दाला प्रथमच व्याख्या मिळाली आणि तीत पालक व वारसही आले. आरोपी सुटल्यास वरच्या न्यायालयात अपील करण्याचा अधिकार पीडितास तेव्हाच लाभला. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार प्रथम खबरीची प्रत पीडितास विनामूल्य द्यावयाची आहे. तपास कोठवर आला हे पोलिसांनी 90 दिवसांच्या आत कळवावयाचे आहे. आणि पीडिताचे म्हणणे ऐकल्याशिवाय खटला काढून घेता येत नाही.

नुकसानभरपाईविषयी एक मोठा गैरसमज आहे. आरोपीस शिक्षा झाली तरच पैसे मिळतात, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः आरोपी सुटला, किंवा सापडलाच नाही, तरीही पुनर्वसनाची गरज असल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मागणी करता येते आणि दोन महिन्यांत चौकशी पूर्ण होणे अपेक्षित आहे. बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार व ॲसिड हल्ला यांतील पीडितांसाठी राज्याची ‘मनोधैर्य’ योजना 2 ऑक्टोबर 2013 पासून आहे; तिची कमाल मर्यादा पुढे दहा लाख रुपयांपर्यंत वाढविण्यात आली.

अपराध करणाराच अठरा वर्षांखालील असेल तेव्हा प्रश्न अधिक नाजूक होतो. प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. तेथे एक दंडाधिकारी व दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, आणि त्यांचा भर त्या मुलाच्या सुधारणेवर असतो. हे योग्यच आहे. चुकलेले मूल कायमचे गुन्हेगार होऊ नये हाच कायद्याचा हेतू. पण पीडिताच्या घराला तो दरवाजा बहुधा बंदच वाटतो. मंडळाने मुलास निर्दोष ठरविल्यास, सोळा वर्षांवरील मुलाने केलेल्या अतिगंभीर अपराधाचा अपवाद सोडता, अपीलही नाही. अशा वेळी भरपाईची मागणी हा मार्ग मोकळा राहतो, कारण ती आरोपीच्या वयावर अवलंबून नाही.

पीडित मूल असेल तर 2012 च्या कायद्याने काही बंधने घातली आहेत. त्याचा जबाब शक्यतो त्याच्या घरी, साध्या वेषातील अधिकाऱ्याने घ्यावा. रात्री त्याला पोलीस ठाण्यात ठेवू नये. त्याचे नाव वा ओळख उघड करू नये. चावडीवरच्या गप्पांतही हे शेवटचे बंधन पाळावे.

वकील लावण्याची ऐपत नसणाऱ्यांनी तालुका विधी सेवा समितीकडे जावे. स्त्रिया, मुले आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना तेथे उत्पन्नाची अट नाही. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी तोंडी सांगितले तरी ते लिहून घेतले जाते. घरबसल्या विचारणा करावयाची असल्यास 15100 आणि मुलांसाठी 1098 हे दूरध्वनी क्रमांक आहेत.