सुट्टीतली गर्दी आणि आपली लहान लेकरं

(महासंघाच्या एप्रिल महिन्याच्या सभेत नशिराबाद येथे केलेलं भाषण. बोलल्याप्रमाणेच ठेवलं आहे.)



आज हप्ते झाले, वसुली झाली, थकबाकीवर बोलणं झालं. आता शेवटचा विषय, मे महिन्याच्या सुट्टीतली सहल. अध्यक्षताई म्हणाल्या, "मागच्या वर्षी तुमच्यासोबत जे झालं ते तुम्हीच सांगा." म्हणून उभी राहिले. सांगायला लाज वाटते, पण सांगते. कारण या वर्षीही लेकरांनी हट्ट धरलाच आहे, अन् आपणही जाणारच आहोत.

मागच्या मे महिन्यात आमच्या तीन गटांच्या २६ जणी अन् १९ लेकरं, खाजगी बस करून एका वॉटर पार्कला गेलो. गावाचं नाव घेत नाही. चूक त्या जागेची नव्हती, आमची होती. रविवार होता. रात्री ११ वाजता बस सुटली. पहाटे देवदर्शनाच्या रांगेत उभं राहिलो, चार तास त्यात गेले. अन् भर उन्हात, पावणेबारा वाजता, पार्कच्या फाटकावर पोहोचलो. लेकरांची रात्रीची झोप नाही, पोटात चहा-बिस्किट. समोर माणसांचा नुसता समुद्र.

माझा नातू तेव्हा साडेचार वर्षांचा. सून लॉकरच्या रांगेत, धाकटी जाऊ भाड्याच्या कपड्यांच्या खिडकीवर, नणंद तिच्या पोरीचे केस बांधत होती, मी पिशव्यांजवळ. सुनेला वाटलं पोरगा आजीजवळ आहे. मला वाटलं काकूजवळ आहे. चौघी बघत होतो, म्हणजे कोणीच बघत नव्हतं.

"माय वं, पोरगा कुठी गेला?" असं सून ओरडली तेव्हा आमचे सगळ्यांचे मोबाइल लॉकरमध्ये. कोणी कोणाला फोन करू शकत नाही. गाण्यांचा आवाज एवढा मोठा की माईकवर कोणी पुकारलं तरी कळत नव्हतं. मी फाटकाकडे धावले. बाहेर रस्ता आहे, गाड्या आहेत, एवढंच डोक्यात आलं. शंभर पावलांवर पाणी होतं, तिकडे मी आधी गेले नाही. पोरगा सुखरूप सापडला, तरी ही गोष्ट मला आजही झोपू देत नाही.

पंचवीस मिनिटांनी तो चपला ठेवायच्या खिडकीशी सापडला. तिथला भाऊ भला माणूस. त्यानं पोराला स्टुलावर बसवून घेतलं होतं. म्हणाला, "मावशी, मी नाव विचारलं तर घरचं लाडाचं नाव सांगतो. आईचं नाव विचारलं तर मम्मी म्हणतो. गाव विचारलं तर आजीचं घर म्हणतो. मी तरी काय पुकारू?" बरोबर होतं त्याचं. साडेचार वर्षं त्याला आम्ही गाणी शिकवली, मोबाइल लावायला शिकवलं, पण स्वतःच्या आईचं नाव शिकवलं नव्हतं.

घरी आल्यावर दोघी-तिघी म्हणाल्या, आता लहान लेकरं घेऊन कुठंच जायचं नाही. मला ते पटलं नाही. टीव्हीवर एस्सेल वर्ल्डची जाहिरात बघत आपण मोठ्या झालो. ते १९८९ साली मुंबईजवळ गोराईला सुरू झालं, आपल्यापैकी कितीजणी तिथं गेल्या? २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका सुरू झालं. आता शिर्डीला साईतीर्थ आहे, त्याला लागून वॉटर पार्क आहे. आपली लेकरं हे सगळं मोबाइलवर बघतात. आपण कष्ट करतो, बचत करतो, तर वर्षातून एक दिवस हौसेचा पाहिजेच. पण जायचं कसं, ते ठरवून जायचं. गट चालवायला आपली पंचसूत्री आहे ना? तशीच सहलीची पंचसूत्री मी लिहून आणली आहे.

पहिलं सूत्र, दिवस. आपण शेतीच्या अन् मजुरीच्या बायका. आपल्याला रविवारचं बंधन नाही, तरी आपण रविवारीच जातो. सुट्टीच्या आठवड्यातही मंगळवार-बुधवारी गर्दी त्या मानानं कमी असते. शिर्डी किंवा शेगाव जोडून घ्यायचं असेल तर गुरुवार टाळा. रामनवमी, गुरुपौर्णिमा, दसरा हे शिर्डीचे गर्दीचे दिवस. प्रकट दिन अन् ऋषिपंचमीला शेगाव भरून वाहतं. अन् दर्शन आणि पार्क एकाच दिवशी नको. देवाच्या रांगेत दमलेलं लेकरू पार्कात रडतं, मग आपण त्याला रागावतो. त्याचा काय दोष? एका दिवशी एकच काम.

दुसरं सूत्र, माप. सहलीचं माप सगळ्यात लहान लेकराच्या पायाचं घ्यायचं. ते जेवढं चालेल तेवढंच फिरायचं. मोठ्या पाळण्यांच्या फाटकाशी उंचीची पट्टी असते. तेवढी उंची नसेल तर लेकराला आत घेत नाहीत, अन् ते त्याच्या भल्यासाठीच असतं. पट्टा त्याच्या अंगाला घट्ट बसत नाही, ते निसटू शकतं. तिथं जाऊन "घ्या ना भाऊ, चार बोटांनी काय होतं" असं करू नका. घरीच भिंतीला उभं करून पेन्सिलीनं खूण करा, सेंटीमीटरमध्ये मोजा, अन् आधी फोन करून विचारा की एवढ्या उंचीच्या लेकराला काय काय चालतं. पुष्कळ ठिकाणी तिकीटही वयावर नाही, उंचीवर असतं. म्हणजे तिकिटाचाही अंदाज येतो. फाटक उघडताना आत जायचं, पहिल्या दोन तासांत लेकरांचे खेळ उरकायचे, दुपारी सावलीत बसायचं, अन् चार वाजता बाहेर पडायचं. "पैसे भरले आहेत तर संध्याकाळपर्यंत वसूल करू" हा हिशेब लहान लेकरासोबत चालत नाही.

तिसरं सूत्र, जोडी. एक लेकरू, एक बाई. "सगळ्यांनी लक्ष ठेवा" असं म्हणायचं नाही. गटाच्या वहीत नाव लिहायचं. या लेकराची जबाबदारी सकाळी कोणाची, दुपारी कोणाची. बदली करताना तोंडानं सांगायचं, "आता हा तुझ्याकडे", अन् समोरचीनं "घेतला" म्हणायचं. कर्ज देताना आपण सही घेतो ना, तसंच.

पाण्यात तर हे फारच कडक पाळा. बुडणारं लेकरू ओरडत नाही बायांनो. सिनेमात हात हलवतात तसं काही होत नाही. ते आवाज न करता खाली जातं, अन् त्याला वीतभर पाणीही पुरतं. म्हणून लेकरू पाण्यात असेल तेव्हा ते आपल्या हाताच्या टप्प्यात पाहिजे. हवेच्या ट्यूबवर भरवसा नको. शिट्टीवाला उभा आहे यावरही भरवसा नको, तो शेकडो लोकांकडे बघतो.

अन् एक आपल्या मनातलं बोलते. प्रत्येक सहलीत एक बाई पिशव्या राखते. तिनंही पूर्ण तिकीट भरलेलं असतं. मागच्या वर्षी ती मी होते. मी पाण्यात पायसुद्धा घातला नाही. ती बहुधा सासू असते, नाहीतर सगळ्यात गरीब स्वभावाची सून. पिशव्यांचीही पाळी लावा, अर्ध्या-अर्ध्या तासाची. अन् पिशव्या राखणारीकडे लेकरू द्यायचं नाही. दोन कामं एकीला दिली की एक सुटतं. एक मोबाइल मात्र बाहेर ठेवा, पिशव्यांजवळ. तो नंबर सगळ्यांकडे पाहिजे.

कपड्यांचंही आधी विचारा. बहुतेक वॉटर पार्कात साडी, ओढणी, सुती कपडे पाण्यात चालत नाहीत. घसरगुंडीत ते अडकतात. नायलॉनचे कपडे तिथं भाड्यानं मिळतात, पण ते भाडं आपण हिशेबात धरलेलं नसतं. अन् ते कपडे घालायला संकोच वाटला तर तिकीट वाया. दागिने घरीच ठेवा.

चौथं सूत्र, ऊन आणि पोट. आपल्या जळगावचं ऊन मी तुम्हाला काय सांगू, मे महिन्यात पारा ४५ ला जातो. पण पाण्यात असलं की ऊन लागत नाही असं वाटतं, तिथंच फसतो. लेकराला तहान लागायची वाट बघू नका, दर अर्ध्या तासानं दोन-चार घोट द्या. जीवनजल पुडी सोबत ठेवा. नसेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चमचे साखर अन् अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या चमच्यानं मोजून. मीठ जास्त नको. लघवी गडद पिवळी झाली किंवा चार-पाच तास झालीच नाही, तर पाणी कमी पडलं समजा. अंग तापलं, लेकरू सुस्त झालं, बरळायला लागलं, उलट्या व्हायला लागल्या, तर खेळ बंद. सावलीत न्या, ओल्या फडक्यानं अंग पुसा, वारा घाला, अन् १०८ ला फोन करा. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

पुष्कळ पार्कात बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. म्हणून फाटकाबाहेर बसून आधी पोटभर खाऊ घाला. आपल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, केळी. केळी तर आपल्या घरचीच. तान्ह्या लेकराचं दूध-पेज नेता येईल का ते आधी विचारून घ्या.

पाचवं सूत्र, हरवलं तर. आजपासून घरी शिकवा. स्वतःचं पूर्ण नाव, आईचं नाव, बापाचं नाव, अन् "नशिराबाद, जिल्हा जळगाव". रोज झोपताना विचारा. सहलीच्या सकाळी बसजवळ प्रत्येक लेकराचा एक फोटो काढा, त्या दिवशीच्या कपड्यांत. घाबरल्यावर आपल्यालाच आठवत नाही की शर्ट निळा होता का हिरवा. चड्डीच्या आतल्या बाजूला कापडाची पट्टी शिवा अन् तिच्यावर न पुसणाऱ्या पेनानं मोबाइल नंबर लिहा. नाव बाहेर दिसेल असं लिहू नका, परका माणूस नावानं हाक मारू शकतो. लेकराला सांगा, चुकलास तर पळू नको, जिथं आहेस तिथं थांब, अन् गणवेशातल्या माणसाला किंवा लेकरं सोबत असलेल्या बाईला सांग.

अन् आपण काय करायचं? पहिली बाई पाण्याकडे. आधी पाणी, मग बाकी सगळं. दुसरी फाटकावर. तिसरी माईकवाल्याकडे, फोटो घेऊन. चौथी जिथून लेकरू गेलं तिथंच उभी. लेकरं बऱ्याचदा परत तिथंच येतात. दहा मिनिटांत सापडलं नाही तर ११२ ला पोलीस, अन् १०९८ ही लेकरांसाठीची मदतवाहिनी. रेल्वेत असाल तर १३९.

आता पैशाचं दोन शब्द. मागच्या वर्षी आमच्याच गटातल्या एकीनं सहलीसाठी कर्ज घेतलं अन् वहीत कारण लिहिलं "आजारपण". सहल म्हणायची लाज वाटली तिला. हप्ते फेडताना पुढं खरंच घरात आजारपण आलं, तेव्हा मागायला तोंड राहिलं नाही. मी तिला दोष देत नाही. पण हौसेसाठी कर्ज नको, अन् खोटं कारण तर नकोच. जूनपासून महिन्याला १०० रुपये वेगळे टाका. दहा महिन्यांत १,००० होतात. तिकीट, कपड्यांचं भाडं, लॉकर, जेवण, प्रवास असे पाच रकाने आखा, अन् बेरीज बघूनच जागा ठरवा. एसटीत १७ मार्च २०२३ पासून आपल्याला अर्धं तिकीट आहे, ५ ते १२ वर्षांच्या लेकरांनाही अर्धं. रेल्वेत ५ वर्षांखालच्याला तिकीट नाही. आरक्षणाच्या डब्यात ५ ते १२ वर्षांच्या लेकराला वेगळा बर्थ मागितला तर मात्र पूर्ण भाडं लागतं.

तीन वर्षांखालचं लेकरू असेल तर माझं ऐका, मोठ्या पार्कचा हट्ट धरू नका. त्याला गर्दी कळते, पाळणा कळत नाही. जळगावला मेहरूण तलावाकाठी संध्याकाळी दोन तास फिरवा, तेवढ्यात ते खूश. मोठ्यांसाठी शेगाव जवळ आहे, भुसावळहून रेल्वेनं दोनेक तासांत होतं. तिथलं आनंदसागर मधे काही वर्षं बंद होतं, नंतर त्याचा काही भाग परत उघडला. निघण्याआधी काय चालू आहे ते विचारून घ्या.

आमच्या तीन गटांनी या वर्षी बुधवार ठरवला आहे. लेकरं १९ नाहीत, ११ आहेत. जोड्यांची यादी आज सचिवताईंकडे देते. पहिली ओळ वाचून दाखवते: माझा नातू, सकाळी त्याची आई, दुपारी मी. परवा त्याला विचारलं, आईचं नाव काय? त्यानं नाव सांगितलं, गाव सांगितलं, जिल्हाही सांगितला. अन् वर मलाच विचारलं, "आजी, तू यंदा पाण्यात येशील ना?"

येणार म्हटलं. पिशव्यांची पाळी लावली आहे.