मागे राहणाऱ्यांची तजवीज

घराचा पाया घालण्यापूर्वी मराठी गृहस्थ चार जणांना विचारतो. मुहूर्त जोशीबुवांना, भिंतीची जाडी गवंड्याला आणि कर्जाचे व्याज बँकेतल्या ओळखीच्या माणसाला. मात्र त्याच घराचे आपल्या पश्चात काय व्हावे, हा विषय कोणी काढलाच तर वडीलधारी मंडळी तो लगबगीने मोडून काढतात. ‘तिन्हीसांजेला कसले अभद्र बोलणे!’ असे म्हणून देवाजवळ दिवा लावला जातो आणि विषय पुढे वर्षानुवर्षे निघत नाही. मृत्युपत्र करणे म्हणजे मृत्यूला अक्षत देणे, ही समजूत सुशिक्षितांतूनही अद्याप गेलेली नाही. ज्यांची ती गेली आहे, त्यांना बहुधा दुसरी एक समजूत धरून बसते. ‘आमच्याकडे वाटायला आहे काय? मुले गुण्यागोविंदाने राहतात. कायद्याने ज्याचे त्याला मिळेलच.’

परंतु कायद्याने कोणाला काय मिळते, याची चौकशी या मंडळींनी क्वचितच केलेली असते. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पुरुष मृत्युपत्र न करता निवर्तला, तर त्याची स्वकष्टार्जित मिळकत विधवा पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असल्यास आई यांना सारख्या हिश्श्यांनी जाते. वडील हयात असले तरी त्यांचे नाव या पहिल्या वर्गात येत नाही. आता तीन मुले आणि वृद्ध आई मागे ठेवून गेलेल्या एखाद्या गृहस्थाचे उदाहरण कल्पावे. ज्या घरात पत्नीने तीस वर्षे संसार केला, त्या चार खोल्यांत तिचा हिस्सा एक-पंचमांश ठरतो. मुले चांगली असतील तर प्रश्नच नाही. परंतु एका मुलाला धंद्यात खोट आली आणि त्याने वाटप मागितले, म्हणजे आईला स्वतःच्याच स्वयंपाकघरात परक्यासारखे उभे राहावे लागते. पत्नीने आमरण त्या घरात राहावे आणि तिच्यानंतर मुलांनी ते वाटून घ्यावे, हे पतीच्या मनात असेलही. मनातली गोष्ट तलाठ्याच्या दप्तरात चढत नाही.

स्त्रियांच्या बाबतीत तर हा कायदा अधिकच बारकाईने समजून घ्यावा असा आहे. २००९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका खटल्याची हकीकत कोणाचेही मन हेलावून सोडील. १९५५ साली एका मुलीचे लग्न झाले. तीनच महिन्यांत पती सर्पदंशाने दगावला आणि सासरच्यांनी तिला घराबाहेर काढले. माहेरच्यांनी तिला शिकविले, ती नोकरीस लागली, आणि आयुष्यभर पै-पै साठवून १९९६ साली वारली. मागे बँकेतील शिल्लक होती, भविष्यनिर्वाह निधी होता. मृत्युपत्र मात्र नव्हते. तिच्या आईने त्या रकमेवर हक्क सांगितला आणि पतीच्या बहिणीच्या मुलांनीही सांगितला. निकाल त्या मुलांच्या बाजूने लागला. कारण निपुत्रिक विधवेची स्वकष्टाची मिळकत पतीच्या वारसांकडे जाते आणि आईवडिलांचा क्रम त्यानंतर लागतो, असे त्या कायद्याचे कलम सांगते. सहानुभूतीवर निकाल देता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. न्यायालयाचा त्यात दोष काढता येणार नाही. कायद्याचा काढता येईल, आणि अनेकांनी तो काढलाही आहे. पण त्या बाईंनी हयातीत एका कागदावर दोन साक्षीदारांसमक्ष सही केली असती, तर हे कलम त्यांच्या पुंजीपर्यंत पोहोचलेच नसते. नोकरी करणाऱ्या, एकट्या राहणाऱ्या स्त्रिया आज घरोघरी आहेत. त्यांच्यापैकी कितीजणींना हे कलम ठाऊक असेल?

बँकेत ‘वारस लावला आहे’ असे म्हणून पुष्कळजण निश्चिंत होतात. या शब्दप्रयोगानेच घोटाळा केला आहे. बँकेच्या छापील अर्जावर ज्याचे नाव लिहिले जाते तो वारस नव्हे, नामनिर्देशित व्यक्ती होय. बँकेने पैसे कोणाच्या हाती द्यावे, एवढाच त्याचा अर्थ. ते पैसे त्याने खऱ्या वारसांकरिता सांभाळावयाचे असतात. शेअर्सच्या बाबतीतही २०२३ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले. तेव्हा धाकट्याचे नाव लावले म्हणून पैसा धाकट्याचा झाला, असे समजू नये.

इथवर सांगितले ते बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील हिंदू कुटुंबांना सारखेच लागू आहे. गोव्याची गोष्ट निराळी. १९६१ साली गोवा मुक्त झाला तरी १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता तेथे चालू राहिली, आणि वारशासंबंधीचे तिचे नियम पुढे गोव्याच्या २०१२ च्या वारसा कायद्यात उतरले. हा कायदा २०१६ च्या अखेरीस अमलात आला. लग्नापूर्वी वेगळा करार झाला नसेल तर पतिपत्नींची मिळकत तेथे सामाईक होते. अर्धी एकाची, अर्धी दुसऱ्याची. शिवाय मुले किंवा आईवडील असतील तर स्वतःच्या अर्ध्याचाही अर्धा भाग त्यांच्यासाठी राखून ठेवावा लागतो. म्हणजे म्हापशाचा गृहस्थ ज्याला ‘माझे सगळे’ म्हणतो, त्यातल्या चौथाईपुरतेच त्याला मृत्युपत्राने मोकळेपणी देता येते. मुंबईत घेतलेली जागा तरी या बंधनातून सुटते काय? २०१९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे नेमका हाच प्रश्न आला. एका गोमंतकीयाने मुंबईची मिळकत मृत्युपत्राने एकाच मुलीला दिली होती. गोमंतकीयाची मिळकत भारतात कोठेही असो, वारसा गोव्याच्याच कायद्याने ठरेल, असा निर्णय झाला. सीमेच्या अलीकडे-पलीकडे ज्यांची घरे, भाटे आणि सोयरिकी पसरल्या आहेत, त्यांनी शेजाऱ्याचे मृत्युपत्र पाहून आपले उतरवून घेणे किती धोक्याचे आहे, हे यावरून ध्यानात यावे. गोव्यात ते विशेष नोटरीपुढे करावे लागते, हाही एक भेद आहेच.

येथे वकिलाची गरज लागते. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, ठराविक नमुना नाही, भाषा कोणतीही चालते. तेव्हा वकिलाला पैसे कशाला द्यावे, असा हिशेब काही काटकसरी लोक मांडतात. परंतु चांगला वकील लिहितो कमी आणि विचारतो अधिक. हे घर कोणत्या दस्ताने आले? विकत घेतले, बक्षीस मिळाले, की वाटणीत आले? वडिलांकडून आले ते सगळे वडिलोपार्जित, असे लोक मानतात. कायद्यातला अर्थ त्याहून पुष्कळ अरुंद आहे. एकत्र कुटुंबाची मिळकत असेल तर कर्त्याला स्वतःच्या हिश्श्यापुरतेच मृत्युपत्र करता येते, आणि २००५ च्या दुरुस्तीनंतर त्या मिळकतीत मुलीही मुलांप्रमाणेच जन्मतः हिस्सेदार आहेत. लग्नात तिचे दिले-घेतले, ही सबब आता चालत नाही. कर्ज किती आहे? पहिल्या लग्नाची अपत्ये आहेत काय? एखादे अपंग मूल आहे काय, आणि त्याचा हिस्सा कोणी सांभाळायचा? या प्रश्नांची उत्तरे देताना वकिलापाशी काही लपवून ठेवणे म्हणजे वैद्याला खोटी नाडी दाखविण्यासारखे आहे.

आणखी एक पथ्य आहे. वकिलाकडे एकट्याने जावे. पुष्कळदा थोरला मुलगा वडिलांना गाडीतून घेऊन येतो, खुर्ची पुढे ओढतो आणि वडिलांच्या वतीने स्वतःच सांगू लागतो. त्याचा हेतू वाईट असतो असे नाही. परंतु उद्या तंटा झाला तर हेच दृश्य त्याच्यावर उलटते. ज्याला मोठा लाभ व्हायचा आहे त्यानेच मृत्युपत्र तयार करण्यात पुढाकार घेतला असेल, तर ती संशयाची जागा समजावी आणि तो संशय त्यानेच दूर करावा, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९५८ साली सांगितले आणि खालची न्यायालये आजही त्यावरच चालतात. एका मुलाला काहीच द्यायचे नसेल, तर त्याचे कारणही दोन शांत वाक्यांत लिहावे. दूषणे लिहू नयेत. ती वाचायला करणारा उरत नाही, भाऊ-बहिणी उरतात.

गोव्याबाहेर या कागदाला किमान दोन साक्षीदार लागतात. करणाऱ्याने सही केलेली त्यांनी पाहिली पाहिजे, किंवा ही आपलीच सही असे त्याने त्यांना सांगितले पाहिजे, आणि त्याच्या समक्ष त्यांनी सह्या केल्या पाहिजेत. साक्षीदार लाभ घेणारे नसावेत, आणि शक्य तर करणाऱ्यापेक्षा वयाने लहान असावेत. कारण पुढे न्यायालयात त्यांच्यापैकी एकाला तरी उभे राहावे लागते. समवयस्क मित्रांच्या सह्या घेणारे हे विसरतात. नोंदणी सक्तीची नाही, पण करून घेणे बरे. मात्र नोंदलेले मृत्युपत्रही नंतरच्या, नोंद न झालेल्या मृत्युपत्राने रद्द होऊ शकते. म्हणून तारीख ठळक घालावी, आणि घरात जन्म, मृत्यू किंवा खरेदी-विक्री झाली की कागद पुन्हा वकिलापुढे ठेवावा.

राहता राहिला तो कागद ठेवण्याचा प्रश्न. मृत्युपत्र बँकेच्या लॉकरात आणि लॉकर मयताच्या एकट्याच्या नावे, अशी कोंडी कित्येक कुटुंबांत होते. लॉकर उघडायला हक्काचा पुरावा हवा आणि पुरावा लॉकरात! मोहोरबंद पाकीट जिल्हा निबंधकाकडे ठेवण्याची सोय १९०८ च्या नोंदणी कायद्यात आहे. ते न साधल्यास मूळ प्रत कोठे आहे, हे ज्याला अंमलबजावणीसाठी नेमले त्याला हयातीतच सांगून ठेवावे, आणि कपाटाची दुसरी किल्ली त्याच्या हाती द्यावी.