भाजीचे दाट सार



आज आपण एका साध्या पदार्थाविषयी बोलणार आहोत. मास्तरांनी चुलीपाशी कशाला यावे, असे कोणी मनात म्हणेल. पण या पदार्थात वाचन आहे, गणित आहे आणि घरच्यांचे आरोग्यही आहे. म्हणून आम्ही तो विषय घेतला आहे.

'सूप' हा शब्द पाहा. आपल्याकडे सूप म्हणजे धान्य पाखडायचे. हल्ली हॉटेलच्या पाटीवर आणि दुकानातल्या पाकिटावर दुसरेच सूप दिसते. नाव विलायती आहे, वस्तू मात्र परकी नाही. आजारी माणसाला आपण मुगाचे कढण देतो. भाताबरोबर टोमॅटोचे सार करतो व त्यात नारळाचे दूध घालतो. घाटावर हुलग्याचे माडगे करतात. ही सगळी आपली सुपेच. आज शिकायचे ते भाजीचे दाट सार. त्यात दूध नाही, साय नाही, लोणी नाही.

दूध का नाही? काही माणसांना मोठेपणी दुधातली साखर पचत नाही. पोट फुगते, गुबारा धरतो. काही जण आपल्या विचाराने दूध घेत नाहीत. आणि साय महाग पडते, लवकर नासते. अशा सर्वांना हे सार चालते.

आता आपल्या गावाकडे पाहू. २०११ सालच्या शिरगणतीत मीरा-भाईंदरची वस्ती ८ लाख ९ हजारांच्या वर होती. यातली पुष्कळ माणसे रोज लोकलने मुंबईला कामाला जातात. स्त्रियाही जातात. संध्याकाळी गर्दीतून भाईंदरला किंवा मीरा रोडला उतरायचे, वाटेत भाजी घ्यायची आणि घर गाठायचे. घरी मुले भुकेली असतात. म्हातारी माणसे वाट पाहत असतात; त्यांना दात नसतात, भाकरी चावत नाही. मग काय होते? चहा-बिस्किटावर वेळ भागवतात, नाही तर पाकीट फोडतात.

पाकीट वाईटच असते, असे आमचे म्हणणे नाही. पण आता तुम्हाला वाचता येते. तेव्हा आधी वाचा, मग विकत घ्या. पाकिटाच्या मागे घटकांची यादी असते. कायदा असा आहे, की जो पदार्थ वजनाने जास्त त्याचे नाव आधी लिहायचे. पुढची नावे उतरत्या क्रमाने येतात. भाजीच्या सुपावर पहिले नाव मक्याच्या पिठाचे असेल आणि भाजी खाली कोठेतरी असेल, तर आपण पैसे कशाचे देतो ते समजून घ्या.

दुसरी गोष्ट मिठाची. पाकिटावर पुष्कळदा मीठ न लिहिता 'सोडियम' लिहितात. त्या आकड्याला अडीचने गुणा, म्हणजे मीठ निघते. सोडियम ४०० मिलिग्रॅम असेल, तर मीठ १००० मिलिग्रॅम, म्हणजे १ ग्रॅम झाले. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. भाईंदरची मिठागरे जुनी आहेत. मीठ आपल्या अंगणातले खरे, पण म्हणून ते मूठभर खायचे नाही! घरात कोणाला रक्तदाब असेल, तर हा हिशेब जरूर करा.

तिसरी गोष्ट ठिपक्याची. चौकोनात हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी. पण दुधाची भुकटी घातलेल्या मालावरही हिरवा ठिपकाच असतो. म्हणून ज्यांना दूध चालत नाही, त्यांनी ठिपक्यावर विसंबू नये. यादी वाचावी.

आता साराकडे येऊ. हे माप ४ माणसांचे आहे. वाटी लहान घ्या, साधारण १५० मिलिलिटरची.

साहित्य: लाल भोपळा पाव किलो. मूगडाळ अर्ध्या वाटीहून थोडी जास्त, म्हणजे सुमारे ७५ ग्रॅम. कांदा १, टोमॅटो १, गाजर १. लसणाच्या ४ पाकळ्या आणि आल्याचा लहान तुकडा. नारळाचे दूध १ वाटी. तेल १ चमचा, जिरे अर्धा चमचा, मिरपूड, मीठ आणि लिंबू. चमचा म्हणजे चहाचा.

कृती अशी. डाळ दोनदा धुवा. भोपळ्याची साल व बिया काढा. भाज्यांचे लहान तुकडे करा. तुकडा लहान तर शिजायला वेळ कमी. कुकरमध्ये तेल तापवा. जिरे तडतडले, की लसूण, आले व कांदा घालून दोन मिनिटे परता. मग बाकीच्या भाज्या, डाळ आणि ३ वाट्या पाणी घाला. झाकण लावा. तीन शिट्ट्या झाल्या, की कुकर उतरवा. वाफ आपोआप जिरू द्या. घाईने झाकण ओढू नका.

झाकण उघडल्यावर सगळे रवीने घोटा. मिक्सर हवाच असे नाही. मिक्सर वापरायचा असेल, तर सार आधी निवू द्या आणि भांडे अर्धेच भरा. कढत सार वाटले तर आतल्या वाफेने झाकण उडते आणि हात पोळतो. ही सूचना घरातल्या मुलामुलींनाही सांगा, बरं का!

घोटलेल्या सारात १ वाटी पाणी आणि पाऊण चमचा मीठ घाला. एक उकळी येऊ द्या. मग आच मंद करा आणि नारळाचे दूध घाला. ढवळत राहा. कडेला वाफ दिसली, की उतरवा. वरून मिरपूड टाका. वाढताना लिंबू पिळा. चिरणे धरून सगळे अर्ध्या-पाऊण तासात होते.

नारळाचे दूध घरी काढता येते. अर्ध्या नारळाचा चव कोमट पाण्यात भिजवा, वाटा आणि फडक्यातून पिळा. उत्तनकडच्या किनाऱ्याला हे सांगायला नकोच. नारळ महाग वाटला, तर मूठभर शेंगदाणे भाजा, सोला, भिजवा आणि बारीक वाटून घाला. सार तितकेच दाट होते. शेंगदाणे कोणाला सोसत नसतील, त्या घरी मात्र ते घालू नयेत.

साय नसताना दाटपणा आला कोठून? डाळीत पिष्ट असते. गरम पाण्यात ते फुगते आणि पाणी धरून ठेवते. भोपळ्याचा गर त्याला मऊपणा देतो. नारळाच्या दुधात तेलाचे अगदी बारीक थेंब पसरलेले असतात. त्यामुळे ते पांढरे दिसते आणि जिभेला सायीसारखे लागते. खळखळा उकळले, तर हे थेंब एकत्र येऊन तेल वर तरंगते. आपण म्हणतो, दूध फाटले. म्हणून ते शेवटी घालायचे व उकळायचे नाही. भोपळ्या-गाजराच्या केशरी रंगातून शरीराला अ जीवनसत्त्व मिळते. ते अंगी लागायला थोडी चरबी लागते. नारळ किंवा शेंगदाणा ते काम करतो.

आता थोडे गणित. १०० ग्रॅम मूगडाळीत सुमारे २४ ग्रॅम प्रथिने असतात. ७५ ग्रॅम डाळीत १८ झाली. चौघांत वाटली, तर प्रत्येकाला साडेचार ग्रॅम. लहान वाटीभर दुधातही जवळजवळ तितकीच असतात. मात्र एक ध्यानात ठेवा. नारळाचे दूध हे लहान मुलांच्या दुधाची जागा घेत नाही. त्यात गाईच्या दुधाइतके कॅल्शियम नसते. दूध न घेणाऱ्यांनी नाचणी व तीळ आहारात ठेवावेत.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट आम्ही मुद्दाम मागे ठेवली आहे. ती वाढण्याची.

आपल्या पुष्कळ घरांत अजून अशी रीत आहे, की पुरुष व मुले आधी जेवतात आणि बाई मागून. दाट भाग वर जातो, तळाशी उरेल ते तिचे. २०१९ ते २०२१ या काळात सरकारने देशभर कुटुंबांच्या आरोग्याची पाहणी केली. १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत शंभरांतल्या ५७ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. म्हणजे दोघींतली एक, किंबहुना जास्तच. एका साराने पंडुरोग जात नाही. त्याला तपासणी आणि डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या लागतात. पण रोजचे ताटही नीट लागते. डाळीतले लोह अंगी लागायला लिंबू मदत करते आणि जेवणाबरोबरचा चहा अडथळा आणतो. म्हणून लिंबू पिळायला विसरू नका आणि चहा तासाभराने घ्या.

आम्ही ४ माणसांचे माप दिले. ते ४ वाडगे आधी ओळीने मांडा. सार ढवळून चारही वाडगे सारखे भरा. त्यातला एक वाडगा घरच्या बाईचा आहे. तो तिने सर्वांबरोबर बसून, गरम असतानाच घ्यावा. पुरुष मंडळींनी तो तिच्या पुढे ठेवावा. भाज्या चिरायला आणि रवी घुसळायलाही हात लावावा. त्यात कमीपणा नाही. दिवसभर दोघेही कामावर असतात, मग चूल एकटीची का?

वाचायला शिकलात, पाकीट वाचा. मोजायला शिकलात, मीठ मोजा. आणि वाटायला बसलात, की सारखे वाटा.

आता आमच्या भाषणाचे सूप वाजले. घरी गेल्यावर दुसरे सूप चुलीवर ठेवा.