तळघरातील ओल आणि गिलाव्याची घाई

(तासगाव येथे घरमालक, व्यापारी व गवंडी यांच्यापुढे केलेले भाषण)



भर पेठेत जागा अपुरी पडू लागली की दुकानाखाली तळघर काढावे, असे कोणालाही वाटणे स्वाभाविक आहे. प्रश्न तळघर काढण्याचा नाही. त्याला गिलावा, रंग आणि फरशी केव्हा करावी, याचा आहे.

ही कामे आपल्याकडे बहुधा उन्हाळ्यात उरकली जातात. मे महिन्यात विहिरी तळाला गेलेल्या असतात, भिंत हाताला कोरडी लागते आणि मालक निर्धास्त होतो. तासगाव हा पर्जन्यछायेतील तालुका आहे. येथे द्राक्षबागायतदाराची झोप उडवितो तो सप्टेंबर-ऑक्टोबरमधील परतीचा पाऊस, आणि तळघराची खरी परीक्षाही तोच घेतो. शिवाय ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचे पाणी तालुक्यात खेळू लागल्यापासून कालव्यालगतच्या विहिरींची पातळी पूर्वीच्या अनुभवावरून सांगता येत नाही. बागेला ते वरदानच आहे. पण ‘वाडवडिलांच्या काळी येथे ओल नव्हती’ हा दाखला तळघरापुरता आता पुरेसा नाही.

पाणी दिसले की वरून सिमेंटचा थर द्यावयाचा, ही आपली नेहमीची रीत. ती का फसते, ते पाहू. तळघराच्या जमिनीपेक्षा भूजल एक मीटर वर चढले, तर त्या जमिनीच्या प्रत्येक चौरस मीटरवर खालून सुमारे एक टन दाब येतो. 15 सेंटीमीटर जाडीच्या काँक्रीटचे वजन त्याच क्षेत्रावर सुमारे 360 किलो भरते. मग वरच्या फरशीने आणि पाऊण इंच गिलाव्याने तो दाब कसा पेलावा? गिलाव्यावर तैलरंग दिला तर ओल आतच कोंडते, लोणा फुटतो आणि पोपडे गळू लागतात. भिंतीलगत बेदाण्याची पेटी असेल, तर नुकसान रंगापुरते राहत नाही, कारण बेदाणा हवेतील ओलावा चटकन ओढून घेतो.

तेव्हा पाणी कोठून येते, हे आधी ठरविले पाहिजे. पाऊस पडल्यानंतर काही तासांतच पाणी आले आणि लवकर ओसरले, तर ते बहुधा गच्चीचे, पागोळीचे किंवा अंगणाचे असते. पाऊस थांबून आठवडे लोटले तरी ओल हटत नसेल, तर भूजलाचा संशय घ्यावा. अशा वेळी जवळच्या विहिरीतील पाण्याची पातळी मोजून ती तळघराच्या जमिनीशी ताडून पाहावी. एका दोरीने होणारी ही तपासणी फार थोडे लोक करतात. बारमाही, एकाच जागी ओल असेल तर नळ, टाकी अथवा गटार तपासावे. भिंत नुसतीच दमट वाटते तेथे हातभर प्लॅस्टिकचा कागद चारी कडांनी घट्ट चिकटवून दोन दिवस ठेवावा. थेंब कागदाच्या मागे जमले तर ओल भिंतीतून येते. पुढे जमले तर ती हवेतील आहे, आणि तेथे वायुवीजन हाच उपाय.

उपाय शक्यतो बाहेरून करावा. गच्चीचे पाणी नळाने दूर सोडावे आणि अंगणाला भिंतीपासून बाहेर उतार द्यावा. एवढ्यानेच कित्येक तळघरे कोरडी होतात. त्यानंतर भिंतीची बाहेरची बाजू उघडी करून जलरोधक थर द्यावा, पायाशी खडी व छिद्रांचा नळ घालून पाणी सखल जागी न्यावे. भराव करताना काढलेली काळी माती तेथेच परत लोटू नये. ती भिजली की फुगून भिंत रेटते आणि वाळली की भेगाळून पुढच्या पावसाला वाट करून देते. भरावासाठी मुरूमच वापरावा.

पेठेत शेजाऱ्याची भिंत लागून असते. तेथे बाहेरून खोदणे अशक्यच. अशा ठिकाणी भेगा खोलवर कोरून शीघ्र घट्ट होणाऱ्या सिमेंटने भराव्यात, भिंत व जमीन यांच्या सांध्यालगत पन्हळ काढून पाणी एका खड्ड्यात जमवावे आणि पंपाने उपसावे. भूजल उंच असेल तर अभियंत्याकडून जमिनीच्या काँक्रीटचा हिशेब करून घ्यावा. तळघराच्या भिंती व जमीन जलाभेद्य असाव्यात, हे राष्ट्रीय इमारत संहितेतही नमूद आहे.

आपल्याच जिल्ह्यात हरिपूरला हळद साठविण्याची जमिनीखालची पेवे आहेत. त्या मातीत पाणी झिरपत नाही, हे जाणूनच ती खोदलेली होती. 2005 च्या महापुरात त्यांतील पुष्कळ पेवे निकामी झाली. निवडलेली माती पारखी होती, पण पाणी तोंडावाटे आले! तासगावातही तळघराचा जिना आणि झरोके रस्त्यावर साचणाऱ्या पाण्याच्या पातळीहून उंच आहेत का, ते पाहावे. आणि तळघर भरलेच, तर ते एका दिवसात उपसण्याचा हट्ट धरू नये. आतले पाणी भिंतीला आधार देत असते. बाहेरची माती भिजलेली असताना तो आधार एकदम काढला तर भिंत आत कोसळू शकते. पाणी टप्प्याटप्प्याने काढावे आणि त्यापूर्वी तेथील वीज बंद करावी.

यंदा ज्यांचे तळघर तयार आहे, त्यांनी ते जूनपासून ऑक्टोबरअखेर उघडेच ठेवावे. ओल जेथे दिसेल तेथे खडूने रेघ ओढून तारीख लिहावी. दिवाळीनंतर गवंड्याला बोलवाल, तेव्हा प्रथम त्या रेघा दाखवा.