औषधदान आणि मॅमोग्राफी तंत्रज्ञाचे कार्य

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



जैन परंपरेने आहार, औषध, शास्त्र आणि अभय ही चार दाने श्रेष्ठ मानली आहेत. औषधदानाच्या भावनेतून समाजाने दवाखाने उभारले, रुग्णालयांना यंत्रे अर्पण केली. यंत्रावर दात्याचे नाव कोरले जाते, ते उचितच आहे. परंतु त्या यंत्रापाशी दिवसभर उभ्या राहणाऱ्या व्यक्तीची ओळख सहसा कोणास नसते. मॅमोग्राफी विभागात तर त्या व्यक्तीच्या कौशल्यावरच दानाचे सार्थक अवलंबून असते. ती व्यक्ती म्हणजे मॅमोग्राफी तंत्रज्ञ.

हा विषय चारचौघांत बोलण्याचा नव्हे, असा समज अजूनही आढळतो. मात्र २०२२ सालच्या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाचा कर्करोग झाल्याचे निष्पन्न झाले आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्या. रोग लवकर लक्षात आल्यास उपचार सोपे होतात आणि यशाची शक्यता वाढते. संकोचामुळे गेलेले महिने मात्र परत मिळत नाहीत.

मॅमोग्राफी म्हणजे कमी शक्तीच्या क्ष-किरणांनी केलेली स्तनाची तपासणी. १९१३ साली बर्लिनमधील शल्यविशारद अल्बर्ट सालोमन यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या सुमारे तीन हजार स्तनांचा क्ष-किरणांच्या साहाय्याने अभ्यास केला. पुढे १९६० च्या दशकात फ्रान्समधील डॉ. शार्ल ग्रो यांच्या प्रयत्नांतून केवळ या तपासणीसाठी बनविलेले यंत्र अस्तित्वात आले. आज बहुतेक ठिकाणी चित्र थेट संगणकाच्या पडद्यावर उमटते. यंत्र बदलले, तरी स्त्रीला त्यापुढे योग्य रीतीने उभे करणारे हात माणसाचेच राहिले.

सर्वसाधारणपणे प्रत्येक स्तनाची दोन चित्रे घेतात : एक वरून, दुसरे तिरप्या बाजूने. चित्र घेताना स्तन दोन सपाट पृष्ठभागांमध्ये काही क्षण दाबून धरावा लागतो. या दाबाचीच स्त्रियांना भीती वाटते. त्याचे कारण कापडाच्या व्यवहारातील कोणासही सहज उमगेल. घडी पडलेल्या कापडातील विणीचा दोष दिसत नाही. ठाण उलगडून, सपाट धरून उजेडात पाहावे लागते. तसेच येथेही आहे. ऊती पसरल्या की एकीआड दुसरी लपत नाही, चित्र हलत नाही आणि किरणांची मात्राही कमी लागते. दाब अपुरा पडला तर लहानशी गाठ दडून राहू शकते. अविचाराने दिला तर ती स्त्री पुन्हा तपासणीस येणार नाही. या दोहोंमधील मर्यादा ओळखणे हीच तंत्रज्ञाची विद्या होय.

तिची दक्षता तपासणीपूर्वीच सुरू होते. गर्भारपणाची शक्यता आहे का, पूर्वी शस्त्रक्रिया झाली आहे का, गाठ हाताला लागते का, हे ती विचारते. काखेत पावडर वा सुगंधी द्रव्य लावले असल्यास पुसण्यास सांगते. कारण त्यातील कण चित्रात कॅल्शियमच्या सूक्ष्म ठिपक्यांसारखे दिसून डॉक्टरांची दिशाभूल करू शकतात. चित्र बिघडले तर ते पुन्हा घ्यावे लागते, म्हणजे अनावश्यक किरणे द्यावी लागतात. म्हणून प्रत्येक हालचाल जपून करावी लागते.

सर्वांत कठीण क्षण चित्र घेतल्यानंतर येतो. “ताई, काही दिसलं का हो?” असा प्रश्न हमखास येतो. पडद्यावर काही दिसले असले, तरी निदान सांगण्याचा अधिकार क्ष-किरणतज्ज्ञ डॉक्टरांचा आहे. खोटा दिलासा द्यावयाचा नाही, चेहऱ्यावर भीतीही उमटू द्यावयाची नाही. “डॉक्टर चित्रे पाहून अहवाल देतील. आणखी चित्रासाठी बोलावले, तरी त्याचा अर्थ कर्करोगच असा नव्हे,” इतकेच ती शांतपणे सांगते. मुनींच्या आचारात हित, मित आणि संशयरहित वाणीला भाषासमिती म्हटले आहे. त्या संयमाची आठवण व्हावी, असेच हे आचरण आहे.

प्रशिक्षित स्त्रीच्या हातांचे मोल मुंबईत सिद्ध झाले आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ साली सुरू केलेल्या अभ्यासात दीड लाखांहून अधिक स्त्रियांचा समावेश होता. त्यांतील एका गटाची तपासणी यंत्राने नव्हे, तर प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी हातांनी केली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या गटात रोग अधिक लवकरच्या अवस्थेत आढळला. सर्व वयोगट एकत्र धरता मृत्यूंतील घट निर्णायक ठरली नाही. मात्र पन्नाशी व त्यापुढील स्त्रियांत मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. अर्थात यंत्र नसले तरी तपासणी थांबत नाही. शिकवलेले हात नसतील तर मात्र यंत्रही व्यर्थ ठरते.

सुवर्णमहोत्सवी वर्षात समाजाने यातून काही बोध घ्यावा. यंत्र देताना “ते कोण चालविणार?” हा प्रश्न प्रथम विचारावा. बारावी विज्ञान झालेल्या होतकरू मुलींना क्ष-किरण तंत्रज्ञानाच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती द्यावी. तेही औषधदानच आहे. शिबिरात तपासणी झालेल्या भगिनींची नावे वा छायाचित्रे प्रसिद्ध करू नयेत. कोणी, कधी व कोणती तपासणी करावी, हे डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवावे. अहवाल निर्दोष असूनही गाठ जाणवत असेल, तर पुन्हा डॉक्टरांकडे जावे. कारण मॅमोग्राफीत प्रत्येक रोग दिसतोच असे नाही. आणि घरातील पुरुषांनी आई, पत्नी, बहीण यांच्यासोबत रुग्णालयापर्यंत जाण्यात कमीपणा मानू नये.

आभ्यंतर तपांत वैयावृत्त्याची, म्हणजे सेवेची, गणना आहे. बंद दाराआड, एका घाबरलेल्या भगिनीचा खांदा हलकेच धरून “श्वास रोखा… आता सोडा” असे म्हणणारी तंत्रज्ञ त्याच सेवेचा मार्ग चालत असते. दात्यांच्या नामावलीइतकाच तिलाही समाजाने मान द्यावा, हीच या प्रसंगी विनम्र प्रार्थना.

जय जिनेंद्र!